बॅटऱ्यांना थंडी वाजली तेव्हा

जपूनकाका इतके भित्रे, की आरशात बघण्याआधी खाकरायचे. आतला माणूस दचकायला नको म्हणून.

गाद्या शिवायचा धंदाही त्यांनी त्याच पायी धरला, असं काकूंचं म्हणणं. बाकीच्या धंद्यांत माणूस पडला तर हाड मोडतं. या धंद्यात कुठूनही पडला तरी मालावरच पडतो. काकांच्या तोंडी सदा एकच शब्द. भाजी चिरणाऱ्याला जपून, जिना चढणाऱ्याला जपून, बुटाची नाडी बांधणाऱ्याला जपून, आणि गादी विकत घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला तर खास दोनदा जपून. त्यामुळे त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. काकाही बहुतेक विसरले असावेत, कारण ते आठवण्याची वेळच कोणी आणली नव्हती.

काकू मात्र दुसऱ्याच मातीच्या. एकदा स्वयंपाकघरात साप निघाला, तर त्यांनी कणकेचा हात न धुता त्याला विचारलं, "काय पाहिजे?" साप ओशाळून आल्या वाटेने परत गेला. ही गोष्ट काका सांगायचे, आणि सांगताना पाय खुर्चीवर वर घेऊन बसायचे.

नवऱ्याच्या 'जपून'ला काकूंचं एकच ठरलेलं उत्तर होतं. "हो हो." लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. काकांनी ओरडायचं, काकूंनी मान न वळवता "हो हो" म्हणायचं, आणि जे करायचं ते करायचं. दोघांचा संसार या दोन शब्दांवर उत्तम चालला होता.

काकांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे वीज. घरासमोरच्या खांबावरच्या तारा गुणगुणायच्या, आणि काकांना वाटायचं, त्या आपल्याबद्दलच काहीतरी बोलताहेत. "कुठून येते, वाटेत कोणाकोणाच्या घरात शिरून येते, काही पत्ता आहे का? आणि अशी अनोळखी वीज घरात घेऊन आपण तिच्या भरवशावर डोळे मिटून झोपायचं!" शेवटी काकूंच्या बहिणीचा मुलगा, जो सोलरची कामं करायचा, त्याला बोलावणं गेलं. भाच्याने छपरावर पॅनेल चढवली, बॅटऱ्या आणल्या, इन्व्हर्टर आणला. खांबावरची लाइन कापून टाकली, मीटर काढून नेला. त्या दिवशी काका पहिल्यांदा घोरले म्हणतात. ओळखीचं ऊन, घरची वीज!

फक्त बॅटऱ्या आणि ते गुरगुरणारं यंत्र घरात ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. मग गाद्यांच्या कारखान्यामागची अडगळीची खोली रिकामी केली. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट शेड, छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या, कापसाचे गठ्ठे आणि मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट.

"ठीक आहे," भाचा म्हणाला, "पण भिंतीत वर मोठे झरोके ठेवणार. आणि या खोलीत दिवा नाही, दिव्याचं बटण नाही. दिवसा झरोक्यांतून उजेड येईल तेवढा पुरे."

का, हे काकांनी विचारलं नाही. भाच्यानेही सांगितलं नाही, कारण काकांना एक धोका सांगितला की त्याला पिल्लं होतात हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. मागे कोणीतरी त्यांना कुकरची शिट्टी तुंबते म्हणून सांगितलं, तर काकांनी वर्षभर न शिजवलेलंच खायचा हट्ट धरला होता.

अशी सगळी झकास घडी बसली होती, आणि धुकं आलं.

धुकं म्हणजे कसलं! गादीत भरून विकावं असलं. शेजारीण म्हणे त्याच्यावर कपडे वाळत घालायची. सूर्य बिचारा कुठेतरी वर असेल, पण पॅनेलपर्यंत त्याचा निरोपही पोचेना. घरातला फ्रिज बंद झाला. पंखा तर कोणाला नकोच होता. काकूंनी टॉर्चसुद्धा चार्ज करू दिला नाही, "जेवढी आहे तेवढी पंपाला राहू दे, पाणी तरी चढेल." घरातल्या काड्यापेट्या ओलसर झाल्या, पापड मऊ पडले, आणि थंडी अशी, की उशीला थंडी वाजत होती.

काका रोज त्या खोलीत जाऊन बॅटऱ्यांना हाताच्या पाठीने चाचपून यायचे, ताप बघावा तसं.

"गार पडल्यात गं," ते काळजीने म्हणायचे. "भाचा म्हणाला होता, थंडीत बॅटऱ्या मंदावतात."

"मग शाल पांघरा त्यांना," काकू म्हणाल्या.

आता काकू गमतीने बोलल्या. पण गादीवाल्यापुढे अशी गंमत करू नये. काकांनी झटून कामच काढलं. बॅटऱ्यांच्या मापाच्या रजया शिवल्या, कडेला दुहेरी शिलाई, वर गुंड्या. रजया घातल्यावरही झरोक्यांतून वारा येतोच, म्हणून झरोक्यांत कापूस ठासला. साधासुधा नाही, गजाने कोंबून कोंबून. तो खाली पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूने जाड कापड लावून, झरोक्याच्या लोखंडी जाळीला धरून टाके घातले. काकांचा टाका म्हणजे टाका. त्यांनी शिवलेली गादी फाटायची, पण शिवण सुटायची नाही. खोली रजईच्या आतल्यासारखी काळोखी आणि उबदार झाली. काका समाधानाने हात झटकत बाहेर आले. आता मुलं शांत झोपतील, असा त्यांचा चेहरा होता.

आणि मग एका सकाळी ऊन पडलं. असलं खणखणीत, की कोंबड्यांनी उशीर झाल्याबद्दल दोनदा बांग दिली.

भाच्याचा फोन आला. "काका, बॅटऱ्या खूप दिवस उपाशी आहेत. इन्व्हर्टरवर ते जोराच्या चार्जिंगचं बटण आहे ना, दाखवलं होतं, ते आज दाबा. आत बुडबुडे येतील, आवाज होईल, घाबरू नका. दुपारी मावशीला पाणी बघायला सांगा, कमी असलं तर डिस्टिल्ड वॉटर घालेल ती."

काकांनी बटण दाबलं. म्हणजे लांबून, कापड मोजायच्या लाकडी पट्टीने, दुसऱ्या हाताने नाक धरून. नाकाचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

दुपारपर्यंत घरात आनंदीआनंद होता. फक्त कारखान्यात कसलासा वास यायला लागला. नासलेल्या अंड्यासारखा.

"उंदीर मेला असेल कुठल्या तरी गठ्ठ्यात," काका म्हणाले.

"अंड्याचा वास मारणारा उंदीर?" काकूंनी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलला. "मी पाणी बघून येते. तुमच्या कृपेने आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. टॉर्च मेलेला आहे. मेणबत्ती घेते."

"जपून!"

"हो हो." आणि मेणबत्ती, काड्यापेटी नि कॅन सांभाळत काकू कारखान्याच्या दारातून आत गेल्या.

काका ओसरीवर उन्हात बसले. फोनला रेंज तिथेच यायची. बसतात न बसतात तोच तो वाजला.

"काका, दाबलं ना बटण? मी आता एका कामावर निघालोय, म्हटलं विचारून घ्यावं. झरोके मोकळे आहेत ना? कबुतरांनी घरटंबिरटं नाही ना केलं?"

"झरोके?" काकांची छाती फुगली. "झरोक्यांची तू काळजीच सोड. असा कापूस ठासलाय, की वाऱ्याचा आजाही आत यायचा नाही. वरून टाके घातलेत."

पलीकडची मोटारसायकलची धडधड थांबली.

"हॅलो? अरे गेलास का?"

"काका." भाच्याचा आवाज एकदम हळू झाला. काकांना त्या आवाजाचीच भीती वाटली. लोक त्यांच्याशी हसून बोलायचे, वैतागून बोलायचे. असं सांभाळून कधी कोणी बोललं नव्हतं. "नीट ऐका. खोलीत आत्ता कोणी आहे?"

"तुझी मावशी गेलीय. पाणी बघायला."

"तिच्या हातात काय आहे?"

"मेणबत्ती."

"पेटवलेली?"

"आत जाऊन पेटवेल. का रे?"

"काका, ती पेटवू देऊ नका. बॅटऱ्या अशा उकळतात तेव्हा गॅस निघतो, झरोक्यांतून बाहेर जातो. तो सगळा आता आत कोंडलाय. एक ठिणगी पुरे, खोली उडेल. फोन आत नेऊ नका. टाका तिथेच. पळा!"

काकांनी फोन टाकला. आणि सवयीने, अगदी पोटातून, जेवढा होता तेवढा श्वास एकवटून ते ओरडले, "जपून!"

आतून, कापसाच्या गठ्ठ्यांतून गाळून आल्यासारखा, काकूंचा आवाज आला. "हो हो."

मग एक बारीकसा आवाज. खर्र.

काका जन्मभर भीत आले होते, पण ती भीती म्हणजे नुसता सराव होता हे त्यांना आत्ता कळलं. एरवी त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच चित्रं यायची. आग, धूर, रुग्णवाहिका, शेजाऱ्यांचे चेहरे, पुढच्या वर्षीचं श्राद्ध. आज काहीच दिसेना. डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं. पाय मात्र निघाले होते.

"अगं थांब! पेटवू नकोस!"

"हो हो, बघते!"

खर्र.

कारखान्याच्या दारात ते शिरले आणि तिरके व्हायचं विसरले. पोट थप्पीला अडकलं, वरची गादी घसरून डोक्यावर आली. ती त्यांनी तशीच डोक्यावर घेऊन पुढे रेटा दिला. दुसरी आली. तिसरीने चष्मा नेला. आपल्याच हाताने शिवलेला माल एकेक करून अंगावर कोसळत होता आणि ते पोहणाऱ्यासारखे हात मारत पुढे चालले होते. नासक्या अंड्याचा वास घशात बसत होता. भोवती सगळा कापूस. पिंजलेला, कोरडा, वर्षानुवर्षं जिवापाड कोरडा ठेवलेला कापूस.

खर्र. खर्र.

"मेले, पेट की," काकू काडीला म्हणत होत्या. "ओली झालीये मेली."

ओरडण्यात अर्थ नव्हता. काका पुन्हा ओरडले असते तर पुन्हा "हो हो" आलं असतं, आणि पुढची काडी. इतकी वर्षं त्यांनी फुकट उधळलेले सगळे 'जपून' आता त्यांच्या नि बायकोच्या मध्ये गठ्ठ्यांसारखे रचून उभे होते. त्यांनी तोंड मिटलं. शेवटच्या गठ्ठ्यावरून ते पोटावर घसरले, खोलीच्या उंबऱ्यात गुडघ्यांवर आपटले आणि तसेच आत गेले.

आत काळोख. रजयांखालून बुडबुड्यांचा आवाज, मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटावं तसा. दारातून येणाऱ्या अंधूक उजेडात काकूंची पाठ दिसली. त्या दोन बॅटऱ्यांच्या मध्ये उकिडव्या बसलेल्या. मेणबत्ती गुडघ्यात धरलेली, डाव्या हातात काड्यापेटी. उजव्या हातातली नवी काडी त्यांनी पेटीच्या कडेला टेकवली होती.

काकांनी मागून दोन्ही हात घालून त्यांचे दोन्ही हात धरले. काडी, पेटी, बोटं, सगळं एकत्र, आपल्या मुठींत, गच्च.

"अहो! काय हे? सोडा, दुखतंय."

काकांनी सोडलं नाही.  काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. चष्मा नाही, केसांत कापूस, ओठ हलतायत आणि शब्द नाही. हा माणूस पाल पाहिली तर गल्ली गोळा करायचा. चहा गरम असला तर घरभर सांगत फिरायचा. तो आज गप्प होता.

काकूंना भीती म्हणजे काय हे माहीत नव्हतं; कदाचित घरातला तो सगळा साठा नवऱ्यानेच वापरल्यामुळे असेल. पण त्या गप्प तोंडाकडे बघून त्यांनी काडीवरची बोटं सैल केली. त्यांनी विचारलं नाही, का म्हणून. त्या हळूच उठल्या. दोघं एकमेकांचे हात धरलेले तसेच, मागच्या मागे, कोसळलेल्या गाद्या तुडवत उजेडात आले.

ओसरीवर पडलेल्या फोनमधून भाचा जिवाच्या आकांताने ओरडत होता. "काका! मावशी! कोणीतरी बोला ना!"

काकांनी फोन उचलला, पण आवाज फुटेना, म्हणून काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला. "बोल रे. आम्ही बाहेर आहोत. यांचं तोंड का बंद झालंय ते आधी सांग."

भाच्याने सांगितलं. काकू ऐकत गेल्या आणि हळूहळू ओसरीच्या पायरीवर बसल्या. मग सवयीने, हात धुवायला म्हणून, त्यांनी बाजूच्या नळाकडे हात नेला.

"नळ!" काकांचा आवाज एकदाचा फुटला. "नळ नको! पाणी उतरलं की पंप आपोआप सुरू होतो. पंप सुरू झाला की आतलं यंत्र खटखटतं, ठिणगी पडेल!"

काकूंनी हात असा मागे घेतला, जणू नळच चावला. "हो हो" नाही, काही नाही. काकांना ते बघून हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांनी वळून मागच्या खोलीकडे बघितलं. म्हणजे खरंच आहे तर हे.

"बरोबर बोलले काका," फोनमधून भाचा म्हणाला. "काहीही चालू करू नका, बंदही करू नका. चार्जिंग बंद करायचा स्विच आतच आहे, त्याला हात लावायचा नाही. ऊन आहे तोवर बॅटऱ्या उकळत राहणार. पॅनेल झाका. जाड काहीही टाका, चादर, ताडपत्री…"

"गाद्या," काकू म्हणाल्या.

काका शिडीवर कधी चढत नसत. शिडी दुसरा कोणी चढत असला तरी ते डोळे मिटून घेत. त्या दुपारी ते चढले. काकू खालून गादी देत, काका ती वर ओढत आणि पॅनेलवर अंथरत. एकेक पॅनेल झोपवत गेले. दोन गाद्या घसरून खाली आल्या, त्या काकूंनी पुन्हा डोक्यावरून दिल्या. छपराचा पत्रा पायाखाली कुरकुरला की दोघंही श्वास धरून थांबत आणि मागच्या खोलीकडे बघत. तिथून अजून काही आवाज नव्हता. तो नव्हता म्हणून जास्त भीती वाटत होती.

मग झरोके. शिडी मागच्या भिंतीला लावली. काकांनी आपल्याच टाक्यांना हात घातला, तर ते लोखंडासारखे.

"कात्री देऊ?" काकू खालून म्हणाल्या.

"कात्री नको. जाळीला लागली तर…"

 त्यांनी झरोक्याला तोंड लावलं आणि दातांनी टाके तोडायला सुरुवात केली. जन्मभर ज्या शिवणीचा तोरा मिरवला, तिला त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या! टाका तुटेना तेव्हा दात हलला. पुढचा टाका दुसऱ्या बाजूच्या दातांनी. कापड सुटलं, कापूस मुठीमुठीने बाहेर ओढला. तो गरम होता, कोणाच्या तरी अंगाखालून काढल्यासारखा, आणि त्याचा वास असा, की काकांनी तोंड फिरवून घेतलं. मागून कोंडलेली हवा गालावरून सरसरत निघून गेली. ही हवा त्यांनी स्वतः, प्रेमाने, टाके घालून ठेवली होती.

"झालं का?" काकूंनी विचारलं.

"अजून एक झरोका आहे."

"उतरा तुम्ही. मी काढते."

"तू लांब जा."

"मी शिडी धरलीये."

"अगं लांब जा म्हटलं ना!"

काकू गेल्या नाहीत, पण पहिल्यांदाच त्यांचे हात थरथरत होते, आणि त्यामुळे शिडीही. काकांना वर ते जाणवत होतं. खाली बघायची त्यांची हिंमत झाली नाही. दुसऱ्या झरोक्याचे टाके त्यांनी तोडले ते ती थरथर तळपायांत घेऊनच.

भाचा मोटारसायकलवरून आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्याने मागून, पुढून, दारातून वास घेतला, मग एकटाच आत गेला. बाहेर दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. आत कसलासा खटका वाजला आणि दोघंही एकदमच खाली बसले.

"बंद केलं सगळं," तो दारात येऊन म्हणाला. मग त्याने कपाळावरचा घाम पुसला. "चूक माझी आहे काका. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हटलं, उगाच भ्याल."

 भाच्याने रजया उचलून अंगणात आणून टाकल्या. ॲसिडच्या बाष्पाने त्यांना भोकं पडली होती, गुंड्या हिरव्या झाल्या होत्या. त्याने छपराकडे बघितलं. पॅनेल गाद्यांखाली गाढ होती. हसू यावं असंच ते दिसत होतं, पण तोही हसला नाही.

"आजची रात्र अंधारातच काढा," तो म्हणाला. "उद्या येऊन सगळं तपासतो, मगच चालू करू."

तो गेल्यावर दोघं पायरीवर बसून राहिले. अंधार पडायला लागला तरी कोणी उठेना. काड्यापेटी काकूंच्या ओच्यात होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

"हं."

"ती काडी पेटली असती तर काय झालं असतं?"

असा प्रश्न काकांना आजवर कोणी विचारला नव्हता. विचारावाच लागत नसे. ते आपणहून सांगत. भिंत कुठे पडली असती, पत्रा कुठल्या झाडावर जाऊन बसला असता, कोण धावत आलं असतं, कोणाला उशीर झाला असता. सांगायला लागले की तासभर. काकू कपडे घड्या करत ऐकत आणि शेवटी म्हणत, झालं तुमचं?

काकांनी तोंड उघडलं. आता त्यांना दिसत होतं. दुपारपासून कोऱ्या राहिलेल्या पाटीवर सगळं एकदम उमटलं होतं, नीट, बारीकसारीक, आणि त्यात काकूंचे हात होते.

"काही नाही," ते म्हणाले. "काही झालं नसतं."

काकू त्यांच्याकडे सरकल्या, अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत, आणि तिथून पुढे त्यांनीही काही विचारलं नाही.